कृषि-अर्थशास्त्रज्ञाची घडण

एक एकर जिरायत ज्वारीचा हिशेब मांडून पाहू. समजा, बी-बियाणे, खत, औतांची दुरुस्ती आणि मोलाने लावलेल्या माणसांची मजुरी मिळून शेतकऱ्याच्या हातून ६,००० रुपये प्रत्यक्ष खर्च झाले. घरच्या माणसांनी मिळून ३० दिवस काम केले. मजुरीचा चालू दर दिवसाला ३०० रुपये धरल्यास त्या कामाचे मोल ९,००० रुपये होते. जमीन घरची आहे, पण ती दुसऱ्याला खंडाने दिली असती तर काही रक्कम पदरात पडली असती. बैल, विहीर आणि अवजारे यांत अडकलेल्या पैशावरही व्याज सुटले असते. या दोन बाबींपोटी ५,००० रुपये धरू. धान्य आणि कडबा मिळून उत्पन्न आले १६,००० रुपयांचे. आता प्रश्न असा की, या शेतकऱ्याला नफा झाला की तोटा?

केवळ हातचा खर्च वजा केला तर १०,००० रुपये शिल्लक राहतात. घरच्या श्रमांचे मोल धरले तर शिल्लक १,००० रुपयांवर येते. जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज हीही हिशेबात घेतली तर ४,००० रुपयांची तूट दिसते. तिन्ही हिशेबांत बेरीज-वजाबाकीची चूक कोठेही नाही. फरक आहे तो खर्च कशाला म्हणावे याविषयीच्या कल्पनेत.

हा केवळ वर्गातील फळ्यावरचा वाद आहे असे वाचकाने समजू नये. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पिकांना उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट आधारभूत किंमत देण्याचे जाहीर केले, तेव्हा ‘दीडपट’ या शब्दाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. वाद झाला तो ‘खर्च’ या शब्दावर. सरकारने ‘ए-२ अधिक कुटुंबाचे श्रम’ या नावाने ओळखला जाणारा खर्च प्रमाण मानला. तो आपल्या उदाहरणात १५,००० रुपये येतो. शेतकरी संघटनांनी आग्रह धरला तो ‘सी-२’ या खर्चाचा, म्हणजे २०,००० रुपयांचा. पहिल्याची दीडपट २२,५०० आणि दुसऱ्याची ३०,०००. अंतर एकरी साडेसात हजारांचे पडते, आणि ते ज्या अक्षरांवर व आकड्यांवर अवलंबून आहे ती अक्षरे व ते आकडे बहुसंख्य शेतकऱ्यांनी कधी पाहिलेलेही नसतात. १९७०-७१ पासून चालू असलेल्या एका सर्वंकष योजनेखाली, मुख्यतः कृषि विद्यापीठांमार्फत, हे खर्च गावोगाव मोजले जातात. मोजणाऱ्यांवर देखरेख करणारे, आकड्यांची छाननी करणारे आणि शेवटी शिफारस लिहिणारे बहुतेकजण कृषि-अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. ते शिक्षण कोणते, कोठून आले आणि विकसनशील देशांना ते कितपत मानवले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तोट्यातील शेती चालते कशी?

१९५४-५५ साली केंद्र सरकारने देशाच्या निरनिराळ्या भागांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या सुरू केल्या. उत्तर प्रदेश, पंजाब, पश्चिम बंगाल, मद्रास आणि तेव्हाचे मुंबई राज्य यांतील निवडक जिल्ह्यांत शेकडो शेतांची दैनंदिन नोंद ठेवण्यात आली. मुंबई राज्यातून नगर आणि नाशिक हे जिल्हे घेतले होते. या पाहण्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले तेव्हा अभ्यासक बुचकळ्यात पडले. घरच्या श्रमांना चालू मजुरीचा दर लावला की देशातील शेतीचा मोठा भाग तोट्यात चाललेला दिसे. तोट्यातील धंदा वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या कोणी का चालवील? शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, असे एक उत्तर तयार होते, आणि सरकारी बंगल्यांतून ते मोठ्या आवडीने दिलेही जात असे.

१९६२ साली ‘इकॉनॉमिक वीकली’ या मुंबईच्या नियतकालिकात अमर्त्य सेन यांनी एक लहानसे टिपण लिहून या कोड्याची मांडणीच बदलली. त्यांनी तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. घरच्या श्रमांना मजुरीचा दर लावल्यास शेती तोट्याची दिसते; जमीनधारणा जसजशी मोठी तसतसा नफा वाढतो; आणि एकरी उत्पन्न मात्र जमीनधारणा वाढत जाते तसे घटत जाते. या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच सूत्राने होतो, असे त्यांचे म्हणणे होते. मजूर लावून शेती करणारा माणूस जादा मजुरामुळे येणारे जादा उत्पन्न त्या मजुरीइतके होईपर्यंतच मजूर लावतो, त्यापुढे थांबतो. लहान शेतकऱ्याच्या घरात माणसे आहेत आणि त्यांना बाहेर रोज काम मिळेलच अशी खात्री नाही. तेव्हा आणखी एक खुरपणी केल्याने मजुरीहून कमी का होईना, पण थोडे जादा धान्य घरात येणार असेल तर ती खुरपणी करण्यातच शहाणपण असते. त्यामुळे लहान शेतावर एकरी श्रम अधिक पडतात, पीक अधिक येते, आणि त्या श्रमांना बाजारभाव लावणाऱ्या हिशेबनिसाच्या वहीत मात्र तोटा उमटतो. चूक असेलच तर ती त्या वहीत होती.

पुढे या सूत्रावर दीर्घकाळ वाद झाला. लहान शेते मुळातच चांगल्या जमिनीवर असतात काय? दाट वस्ती सुपीक भागातच होते आणि जमिनीची वाटणीही तेथेच अधिक होते, हे कारण नव्हे काय? अशोक रुद्र यांनी तर वेगळाच आक्षेप घेतला. अनेक शेते आकारमानाच्या गटांत घालून त्यांच्या सरासऱ्या काढल्या की व्यस्त प्रमाण दिसते, पण एकेका शेताचे आकडे तपासले तर ते सर्वत्र दिसत नाही, असे त्यांनी दाखविले. हरितक्रांतीनंतर खत, नलिका-विहिरी आणि यंत्रे यांसाठी भांडवल लागू लागले तेव्हा काही भागांत हे नाते आणखी सैल झाले.

पदव्युत्तर वर्गात या वादाचे मोल मोठे आहे. विद्यार्थ्याला येथे एकाच वेळी चार गोष्टी शिकाव्या लागतात: सीमान्त उत्पादनाचा सिद्धान्त, सरासरीतील फसवेपणा, मातीची प्रतवारी आणि शेतकऱ्याच्या घराची रचना. यांपैकी पहिली गोष्ट कोणत्याही देशातील पाठ्यपुस्तकात सापडते. चौथी सापडत नाही.

पुण्यापासून पंतनगरपर्यंत

आपल्या देशात या विषयाचा उगम विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागणार नाही. तो गावांच्या पाहण्यांत सापडतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरटी पाहणी करून १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. जमिनीचे तुकडे आणि घरावरील कर्जे मोजण्याकडे ते कसे वळले हे पाहिले म्हणजे या विषयाचा खरा स्वभाव ध्यानात येतो. मातीचे पृथक्करण करून शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा उलगडा होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९३० साली रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीधंद्याची केलेली पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, १९३९ साली, भारतीय कृषि-अर्थशास्त्र परिषदेची स्थापना झाली आणि मणिलाल नानावटी यांनी तिला आकार दिला.

स्वातंत्र्यानंतर या पाहण्यांना राष्ट्रीय स्वरूप आले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली आणि १९५४ साली अहवाल सादर केला. सहकारी चळवळ अर्धशतक चालूनही शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास, तर सावकारांचा शेकडा सत्तरच्या आसपास, हे त्यातील आकडे पुढे एका पिढीला तोंडपाठ झाले. १९५४ सालीच दिल्ली, मद्रास, पुणे आणि शांतिनिकेतन येथे कृषि-आर्थिक संशोधन केंद्रे निघाली. म्हणजे विषयाला कामाची माणसे हवी होती आणि ती तयार करणारे वर्ग अजून पुरेसे नव्हते. प्रारंभीच्या बहुतेक संशोधकांनी हा धंदा पाहणी करता करताच शिकला.

वर्ग आले ते दुसऱ्या वाटेने. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या देणगीवर उभी राहिलेली राज्य-विद्यापीठे पुढे नमुना म्हणून स्वीकारण्यात आली. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य ही तिन्ही एकाच छपराखाली असावीत, हे त्यांचे तत्त्व. १९६० साली पंतनगरचे विद्यापीठ सुरू झाले. १९६२ मध्ये लुधियाना व भुवनेश्वर, १९६४ मध्ये बंगलोर, जबलपूर व हैदराबाद, १९६८ मध्ये राहुरी. इलिनॉय, ओहायो, मिसूरी, टेनेसी, कॅन्सस आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील विद्यापीठांशी त्यांचे करार झाले. तेथील प्राध्यापक येथे आले आणि येथील तरुण अध्यापक तेथे गेले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत १९५८ साली पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले होतेच. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी सत्रांची पद्धत आली आणि शिकविणाऱ्यानेच गुण देण्याचा प्रघात पडला. नमुन्यातील तिसरा पाय, विस्तारकार्य, मात्र बव्हंशी राज्यांच्या शेतकी खात्यांकडेच राहिला. त्यामुळे विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञाला शेतकऱ्याच्या दारात जाण्याचे जे रोजचे निमित्त मिळावयास हवे होते ते मिळाले नाही.

आशियातील इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच घडत होते. जॉन रॉकफेलर तिसरे यांनी १९५३ साली स्थापन केलेली आणि पुढे ‘ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट कौन्सिल’ या नावाने ओळखली गेलेली संस्था या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. आशियातील तरुणांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणे आणि आशियाई विद्यापीठांत आपले माणूस दीर्घकाळ ठेवून तेथील विभाग उभा करणे, अशी तिची दुहेरी रीत होती. तिचे एक प्रमुख आर्थर मोशर हे पूर्वी अलाहाबादच्या कृषि संस्थेत होते. शेतीला चालना देण्यासाठी कोणत्या पाच गोष्टी अत्यावश्यक आहेत, हे सांगणारे त्यांचे १९६६ सालचे पुस्तक आशियात पुष्कळ वाचले गेले: मालाला बाजारपेठ, सतत सुधारणारे तंत्र, गावात मिळणारे साहित्य, शेतकऱ्याला लाभाची प्रेरणा आणि वाहतूक. अशा यादीत जमिनीच्या मालकीचा प्रश्न अत्यावश्यक बाबींत येत नाही, ही गोष्ट भारतीय वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

उसनी अवजारे

परदेशात शिकून आलेल्या पिढीने सोबत काय आणले? प्रामुख्याने उत्पादन-फलनाचा हिशेब, रेषीय नियोजन आणि संख्याशास्त्रीय कसोट्या. आयोवा राज्यातील अर्ल हेडी यांचा १९५२ सालचा शेती-उत्पादनाच्या अर्थशास्त्रावरील जाडजूड ग्रंथ कित्येक वर्षे आपल्या वर्गांचा आधार होता. अवजारे उत्तम होती. ती ज्या शेतासाठी घडविली होती ते शेत वेगळे होते. त्या शेतावरचा शेतकरी जमीन, श्रम व कर्ज ही तीन वेगवेगळ्या बाजारांत, तीन वेगवेगळ्या माणसांकडून घेतो आणि माल चौथ्याला विकतो. बंगालमधील वाटेकऱ्याला जमीन देणारा, अडीअडचणीला धान्य उसने देणारा आणि पीक निघताच ते वसूल करणारा पुष्कळदा एकच माणूस असे. १९७३ साली अमित भादुरी यांनी याच परिस्थितीवर बोट ठेवून युक्तिवाद केला की, जमीनमालकाचे उत्पन्न व्याजावरही अवलंबून असेल तर वाटेकऱ्याचे पीक वाढून तो कर्जातून सुटावा, अशी सुधारणा मालकाला नकोशी वाटू शकते. हे निदान सर्वांना पटले नाही. परंतु प्रश्न असा विचारता येतो, हेच हेडींच्या ग्रंथावर पोसलेल्या विद्यार्थ्याला नवे होते.

परदेशी सिद्धान्त सरसकट त्याज्य ठरविणेही तितकेच भाबडेपणाचे होईल. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली ‘ट्रान्स्फॉर्मिंग ट्रॅडिशनल ॲग्रिकल्चर’ या ग्रंथात पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेल्या साधनांचा वापर तो काटेकोरपणे करतो, असा पक्ष मांडला. त्यासाठी त्यांनी दोन गावांचा आधार घेतला: ग्वाटेमालातील पानाहाचेल आणि उत्तर प्रदेशातील सेनापूर. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, असे मानून आखलेल्या योजनांना या ग्रंथाने मोठा हादरा दिला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्याच ग्रंथात शेतीत अतिरिक्त श्रमिक नसतात हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीचा दाखला घेतला. साथीत एक कोटीहून अधिक माणसे दगावली. नंतर लागवडीखालील क्षेत्र घटले. अर्थात ती माणसे अतिरिक्त नव्हती, असा त्यांचा तर्क. सेन यांनी १९६७ साली त्याचा परामर्श घेतला. मृत्यू घराघरांत सारखे वाटले जात नाहीत. एखादे घर बसते, दुसरे तगते, आणि बसलेल्या घराची जमीन लगेच दुसऱ्याच्या औताखाली येत नाही. मग क्षेत्र घटण्याचा अर्थ इतका सरळ कसा लावता येईल? शुल्ट्झ यांनी उत्तर दिले आणि वाद पुढे चालू राहिला. ज्या विद्यार्थ्याला घर बसणे म्हणजे काय हे ठाऊक आहे त्याला ही शंका आपोआप सुचावयास हवी. तशी ती सुचू देणे हेच या शिक्षणाचे मुख्य काम होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाहणीचे शिक्षण

पदव्युत्तर शिक्षणाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे प्रश्न विचारावयास शिकणे. वर्गात नमुना-निवडीचे गणित शिकविले जाते. गावात गेल्यावर पहिली अडचण येते ती मापांची. बंगालमधील बिघा एकराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, तर उत्तर प्रदेशातील पक्का बिघा एकराच्या पाच-अष्टमांश. शिवाय कच्चा बिघा निराळा, आणि तोही जिल्ह्यागणिक बदलणारा. धान्याची मापे घरागणिक वेगळी. मजुरी रोख, धान्यरूपाने, न्याहारीसह किंवा न्याहारीविना. यापुढची अडचण स्मरणाची. मागील हंगामात किती दिवस खुरपणी केली, असे विचारल्यास शेतकरी काहीतरी आकडा सांगतोच. तो सौजन्यापोटी सांगितलेला असतो. घरातील स्त्रियांनी किती काम केले, हा प्रश्न पुरुषाला विचारला तर उत्तरात त्यांचे निम्मे काम गळून पडले तरी नवल नाही. पेरणी, खुरपणी, मळणी ही कामे एखादे वेळी मोजली जातील. पण बियाणे निवडणे, गुरांचे शेण काढणे आणि शेतावर भाकरी पोचविणे हे काम कोणत्या रकान्यात घालावयाचे? वर आपण ज्या ‘कुटुंबाच्या श्रमां’ची किंमत सहजपणे ९,००० रुपये धरली, ती अशा रकान्यांतून तयार होते.

या दृष्टीने हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णप्रदेशीय पीक संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इक्रिसॅट’ने, १९७५ साली हाती घेतलेला गावपाहणीचा उपक्रम आदर्शवत मानावा लागेल. महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली आणि दोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेडा अशी सहा गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे, त्यांत तीस शेतकऱ्यांची व दहा भूमिहीन मजुरांची. अन्वेषक गावातच राहावयास गेले आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने प्रत्येक घरी जाऊन नोंदी करू लागले. आठवण ताजी असतानाच आकडा टिपला जाई, आणि विचारणारा परका राहत नसे.

याच गावांत हान्स बिन्स्वांगर यांनी केलेला एक प्रयोग सविस्तर सांगण्यासारखा आहे. गरीब शेतकरी नवे बियाणे किंवा खत घ्यावयास कचरतो, कारण तो स्वभावतःच धोका टाळणारा असतो, अशी समजूत होती. ती तपासण्यासाठी प्रारंभी मुलाखती घेतल्या, काल्पनिक प्रश्न विचारले. उत्तरे भरवशाची निघेनात. ती विचारणाऱ्या माणसागणिक बदलत. तेव्हा खरे पैसे देऊन नाणेफेक करावयाचे ठरले. शेतकऱ्यापुढे काही पर्याय ठेवीत. पहिल्या पर्यायात छाप पडो वा काटा, ५० रुपये हमखास. दुसऱ्यात एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला ९५. आणखी पुढे ३० किंवा १५०. अगदी शेवटच्या पर्यायात एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला २००. प्रारंभ अर्ध्या रुपयाच्या पातळीवरून केला आणि काही आठवड्यांनी रकमा वाढवीत नेल्या. त्या काळात ५० रुपये म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई होती. तेव्हा निवड गांभीर्यानेच होत असणार.

लहान रकमांच्या खेळात माणसांच्या निवडी विखुरलेल्या होत्या. रकमा मोठ्या झाल्यावर बहुतेक सर्वजण मधल्या पर्यायांकडे सरकले. अगदी हमखास रक्कम धरून बसणारे थोडे, सर्वस्व पणाला लावणारेही थोडे. लक्षणीय गोष्ट अशी की, श्रीमंत शेतकरी आणि गरीब शेतकरी यांच्या निवडींत फारसा फरक आढळला नाही. मग नवे खत श्रीमंत आधी वापरतो आणि गरीब मागून, याचे कारण स्वभावात शोधण्यात अर्थ उरत नाही. ते कर्ज, बाजार आणि साधने कोणाला किती सुलभ आहेत यात शोधावे लागते. विस्तारकार्याच्या पुस्तिकांतून शेतकऱ्याच्या मनोवृत्तीविषयी जे काही पाठ पढविले जात होते त्यांतील कित्येक पाठ या नाणेफेकीने निकालात काढले, असे म्हणावयास हरकत नाही.

या गावांचे आकडे पुढे जगभर गेले. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर व कंझरा या तीन गावांवरून दाखविले की, एखाद्या घराचे उत्पन्न कोसळले तरी त्या घराचा उपभोग तितका कोसळत नाही. गाव कोणत्या ना कोणत्या रीतीने भार वाटून घेते, मात्र भूमिहीनांना हा आधार कमी मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील एक गाव अशा रीतीने अमेरिकेतील पदव्युत्तर वर्गांत अभ्यासाला लागले. सोलापूरच्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांना ते माहीत आहे, हा प्रश्न येथे नुसता नोंदवून ठेवतो.

आफ्रिकेतील वेगळी वाट

एकट्या देशाला स्वतःचा संपन्न पदव्युत्तर विभाग पोसणे परवडत नसेल तर काय करावे? भारतासारख्या विस्तीर्ण देशापुढे ही अडचण तितक्या तीव्रतेने आली नाही. आफ्रिकेतील लहान देशांत मात्र एका विद्यापीठात दोन-तीन प्राध्यापक, मोजके विद्यार्थी, आणि उत्तम विद्यार्थी परदेशी गेला की तो बहुधा तिकडचाच, अशी स्थिती होती. नैरोबीत १९८८ साली स्थापन झालेल्या आफ्रिकी आर्थिक संशोधन संघाच्या पुढाकाराने २००५ साली पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठांचा कृषि व उपयोजित अर्थशास्त्राचा सामायिक पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. बारा देशांतील सोळा विद्यापीठे त्यात आली. मूळ विषय विद्यार्थ्याने आपल्याच विद्यापीठात शिकावयाचे. विशेष विषयांसाठी सर्वांनी एका सत्रापुरते दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात एकत्र यावयाचे. आणि प्रबंधासाठी पुन्हा स्वदेशी परतावयाचे. या योजनेतील शहाणपण तिसऱ्या टप्प्यात आहे. प्रबंधाचा विषय घरचा असला की माणूस घरी परततो, निदान परतण्याची शक्यता वाढते. शिवाय त्याच्या मार्गदर्शकाला गावाचा रस्ता ठाऊक असतो.

आफ्रिकेच्या शेतीने या विषयाला एक धडाही दिला. आपल्याकडील पाहणीत ‘कुटुंब’ हा एकसंध घटक धरला जातो. पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या भागात नवरा आणि बायको वेगवेगळे तुकडे स्वतंत्रपणे कसतात. बुर्किना फासोतील गावांचे, इक्रिसॅटनेच जमविलेले आकडे घेऊन ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ साली दाखविले की, एकाच घरात, त्याच वर्षी, तेच पीक घेतले असता बायकांच्या तुकड्यांवर उत्पन्न कमी येते, कारण खत आणि श्रम नवऱ्याच्या तुकड्यावर अधिक पडतात. ते नीट वाटले असते तर घराचे एकूण उत्पन्न वाढले असते. घर ही एक हिशेबी वही नसून तीत दोन वह्या असतात, ही कल्पना स्वीकारल्यावर भारतीय पाहण्यांची प्रश्नपत्रिकाही नव्याने तपासावी लागते. आपल्याकडे स्त्रीच्या नावावर वेगळा तुकडा बहुधा नसतो. म्हणून दुसरी वही नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. ती शेळ्यांची, कोंबड्यांची, परसातील भाजीची असू शकते.

कृषि-अर्थशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद १९५८ साली म्हैसूरला भरली होती; त्यानंतर ती भारतात पुन्हा भरली ती २०२४ साली, दिल्लीत. मधल्या काळात विषयाची साधने ओळखू न येण्याइतकी बदलली. उपग्रहावरून पेरणीचे क्षेत्र मोजता येते, अन्वेषकाच्या हाती कागदी प्रश्नावलीऐवजी टॅबलेट असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तयार आकड्यांचे संच घरबसल्या मिळतात, आणि गावात न जाताही प्रबंध पूर्ण करता येतो. पुष्कळजण तो तसाच करतात. जे जातात त्यांची प्रश्नावली इंग्रजीत छापलेली असते. ती तेथल्या तेथे मराठीत, तेलुगूत किंवा भोजपुरीत विचारली जाते, उत्तर पुन्हा इंग्रजी रकान्यात बसविले जाते, आणि मग प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा होतो. लुधियान्यात गुरुमुखीत, राहुरीत मराठीत शेतकऱ्यांसाठी मासिके निघतात, पण त्यांत कीड, वाण आणि खतांची मात्रा असते. ज्या शेतकऱ्याच्या घरच्या श्रमांची किंमत ठरविली गेली, त्याला ती किती ठरली आणि कोणत्या रीतीने ठरली, हे कळविण्याची व्यवस्था कोणत्याही अभ्यासक्रमात अद्याप नेमून दिलेली नाही.